चौतीस फळ्या

मी, सुंदरराव ग्यानोबा दळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुंभारकाम, राहणार चिंचटाकळी, तालुका पाटोदा, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळे चष्म्याने आणि कान समोरच्याने मोठ्याने बोलल्यास काम देतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही. पाटोद्याच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी सर्व इंद्रिये ठीक असल्याचे लिहिले आहे. ते एका बाबतीत खरे नाही. त्याचा खुलासा कलम ६ मध्ये आहे. डॉक्टरांचा दोष नाही. मी त्यांना सांगितले नव्हते.

वकिलांनी छापील मसुदा दिला होता. तो वाचून परत केला. त्यात ‘स्थावर व जंगम’ सात वेळा होते आणि माती एकदाही नव्हती. मी बीडच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालो आहे. मास्तरकी मिळाली नाही, पण एवढा कागद मला लिहिता येतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी सरस्वतीबाई २०१४ साली वारली. मुलगा परमेश्वर, वय शेहेचाळीस, स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो. त्याची पत्नी मनिषा. मुलगी वर्षाराणी दिंद्रुडला दिलेली आहे. याखेरीज माझ्यावर हक्क सांगणारे कोणी नाही.

कलम १. घर. राहते घर वडिलोपार्जित आहे. त्यातला माझा हिस्सा मी परमेश्वराला देत आहे, मात्र कलम ९ मधील अट पुरी झाल्यावर. त्याने दर उन्हाळ्यात माळवदावर माती टाकावी. तो टाकणार नाही, तरी लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतील ठेव व सरस्वतीबाईची सोन्याची पोत वर्षाराणीला द्यावी. पोत माझी नव्हतीच, मी फक्त सांभाळली. वर्षाराणी दर रविवारी फोन करते. जेवण झाले का, वहिनीने काय केले होते, वांग्याला चव होती का, असे विचारते. मी होती म्हणतो. हे उत्तर मी साडेचार वर्षे देत आहे.

कलम ३. चाक कोणाला द्यावे ते सुचले नाही. परमेश्वर ते फिरवत नाही. ते जागेवर राहू द्यावे. चाकाखालचा जुना दगड माझा धाकटा भाऊ बंकट याने १९९८ साली चार दिवसांसाठी नेला. त्यावर त्याच्या घरी सत्तावीस वर्षे धुणे धुतात. तो दगड मी बंकटला या कागदाने कायमचा देत आहे. बंकटला साक्षीदार करायचे होते. दगड मिळणार असेल तर साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. बंकटला दोन्हींतले एक निवडायला सांगितले. त्याने दगड निवडला.

कलम ४. पुस्तकांची पेटी पाटोद्याच्या वाचनालयात द्यावी. त्यांनी रद्दीत घातली तरी वाद घालू नये.

कलम ५. खाण. गावाच्या उत्तरेला ओढ्यालगत माझी अठरा गुंठे जमीन आहे. ती मी १९९४ साली स्वतःच्या कमाईतून घेतली. तिच्यात पीक येत नव्हते. वरचा हातभर मुरूम काढला की खाली राखाडी माती लागते. ती मडक्याला चालत नाही, चाकावर उभी राहत नाही. पण तिच्यात जुन्या खापरांचा भुगा मिसळून फळी थापली, तर ती फळी भट्टीत वाकत नाही.

हे कशासाठी, ते वकिलांना समजावून सांगावे लागले, म्हणून इथेही लिहितो. झिलईची भांडी भट्टीत एकावर एक रचता येत नाहीत. झिलई वितळते आणि भांडी एकमेकांना धरतात. म्हणून भट्टीत मजले करावे लागतात. मजल्याला फळी, फळीखाली चार खुंट, भांड्याखाली तीन टोकांची तिवई. हे सामान लोक गुजरातेतून मागवत आणि ते रस्त्यात फुटे. १९८९ साली एका सरकारी प्रशिक्षणात मी हे पाहिले आणि घरी येऊन करून बघितले. सहा वर्षे फळ्या फुटल्या, सातव्या वर्षी फुटेनाशा झाल्या. आमची फळी हजार अंशांच्या थोडी वर टिकते. बाराशेला टिकत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगत आलो आहे. कप दुकानात जातो, फळी भट्टीतच राहते. तिचे नाव कोणी विचारत नाही. त्याचे मला वाईट वाटलेले नाही.

आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत आहे. फळीला चाक लागत नाही. त्यामुळे आधी सरस्वतीबाई आणि नंतर मनिषा यांना हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करता आले. माती खणणे, वाळवणे, कुटणे, चाळणे, तीन घमेली मातीला दोन घमेली भुगा मिसळणे, साच्यात थापणे, दोन दिवसांनी उलटणे. मनिषा लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिची फळी माझ्या फळीपेक्षा सपाट निघू लागली. छाप मात्र दोन्हींवर एकच असे, सुं. दळे.

ही खाण, तीवरील शेड, भट्टी, साचे, चाळण्या, उखळ आणि फळ्यांचा धंदा मी माझी सून मनिषा परमेश्वर दळे हिला एकटीला देत आहे. नवऱ्याची संमती लागणार नाही. तिने पुढे विकायचे ठरवले तर तोही तिचाच अधिकार.

परमेश्वराला ही खाण विजयसिंह यांना विकायची आहे. ओढ्यापलीकडे विजयसिंहांच्या वीटभट्ट्या आहेत. त्यांना माती हवी आहे. त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्यांचा माणूस दोनदा येऊन अंगणात बसून गेला. परमेश्वर या कलमाला हरकत घेईल. तो म्हणेल, जिच्या हातून धंद्याचे नाव गेले तिलाच धंदा कसा देता. सगळा गाव तसेच म्हणतो, त्यामुळे कोर्टातही ते खरे धरले जाईल. म्हणून पुढचे कलम लिहिणे भाग आहे.

कलम ६. आमच्या घरात नव्या कडेची माती जिभेवर ठेवायची रीत आहे. खाणीची एक कड संपली आणि दुसरी धरली, की पहिला गोळा घरातल्या थोरल्याने चाखायचा. आधी वडील चाखत. त्यांच्या मागे मी. आमच्याकडच्या मातीत चुनखडी असते. खडा असला तर चाळणीत अडकतो. पिठासारखा चुना चाळणीतून खाली जातो. तो राहिला तरी फळी भट्टीतून चांगली निघते, वाजवली तर खणखणते. मग महिना दोन महिने आतला चुना हवेतले पाणी पीत फुगत राहतो आणि फळीचे पापुद्रे सुटतात. डोळ्याला हे आधी दिसत नाही. जिभेला कळते. चांगली माती नुसती चिकटते. चुन्याची माती चिकटून मागे तुरट कडसरपणा ठेवते, पानात चुना जास्त झाल्यासारखा.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. अकरा दिवस पाटोद्याला होतो. घरी आलो तेव्हा वास आणि चव दोन्ही गेले होते. वास काही महिन्यांनी थोडा परत आला. चव आली नाही. आजही नाही. आधी वाटले, येईल. मग सांगायची वेळ निघून गेली. घरात मी जेवताना मीठ मागायचे बंद केले. तेवढ्यावर भागले.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस फार झाला. खाणीची जुनी कड ढासळून पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर नवी कड धरली. मनिषा पहिला गोळा घेऊन आली. म्हणाली, “मामा, ही येगळी दिसती. फिकी हाय लई.” मी गोळा जिभेवर ठेवला. तो चिकटला. त्यापुढे मला काही कळले नाही. मी बरी आहे म्हणालो. दोन फळ्या आधी भाजून महिनाभर ठेवून बघू, असे ती म्हणाली. मी तिला सांगितले, तुझ्या जन्माआधीपासून मी माती चाखतो आहे.

त्या मातीच्या साठ फळ्या डिसेंबरात कडा गावी सायलीकडे गेल्या. सायली पुण्याला शिकून आलेली, कड्याजवळ स्वतःची कार्यशाळा चालवणारी मुलगी. जानेवारीत तिच्या भट्टीतला तिसरा मजला खाली आला. त्याने खालचे दोन्ही नेले. एकशे चाळीस कप होते, तिचे पहिले मोठे काम. फळ्यांपैकी चौतीस अखंड राहिल्या होत्या. अखंड म्हणजे नुसते पापुद्रे सुटलेल्या. त्या टेम्पोत घालून ती स्वतः आली. आवाज चढवला नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “काका, चाळण बदलली होती का?”

अंगणात परमेश्वर होता. शेजारचे दोघे होते. मनिषा हौदावर हात धूत होती. मी सायलीला म्हणालो, “चाळायचं काम हिचं असतं.”

तेवढेच म्हणालो. शब्दाने पाहिले तर त्यात खोटे काही नव्हते. चाळायचे काम तिचेच होते.

मनिषाने मान वर केली नाही. ती हात धूत राहिली. त्या हातांना लागलेली माती केव्हाच निघून गेली होती.

पुढचे परमेश्वराने आणि गावाने केले. परमेश्वर तिला चार माणसांत चाळणीवाली म्हणू लागला. चहा गाळायला बसली तरी म्हणे, बघ गं, चाळणीवाले, काही राहिलं का खाली. माणसे हसत. कधी मीही हसलो आहे. तिला मातीच्या कामावरून काढले. ती वर्षभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. त्या चौतीस फळ्या मी फाटकाशी रचून ठेवल्या. नवे गिऱ्हाईक आले की मी ती थप्पी दाखवून सांगे, आता चाळणीवर मी स्वतः लक्ष ठेवतो.

मी जाहीर करतो की त्या फळ्या मनिषाच्या चाळण्याने बिघडल्या नाहीत. मनिषाने माती वेगळी असल्याचे सांगितले होते. मला चव नव्हती, ते लपवून मी मातीला बरी म्हटले. दोष संपूर्ण माझा आहे.

कलम ७. २०२३ च्या जानेवारीत माझा उजवा खांदा निकामी झाला, तेव्हा मनिषाला परत बोलवावे लागले. मी बोलावले नाही. परमेश्वराला सांगितले, त्याने तिला सांगितले. पहिल्याच दिवशी तिने नवी कड धरली आणि गोळा घेऊन आली. मी जिभेवर ठेवला आणि बरी हाय म्हणालो. ती बरं म्हणाली आणि निघून गेली.

हाताला चाळा म्हणून उरलेल्या गोळ्याची मी एक तिवई केली आणि खिडकीत वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्या टोकांवर पांढरी साय धरली होती. मी बोट ओले करून फिरवले. साय विरघळून गेली. चुना असा विरघळत नाही. ते मीठ होते. गोळ्यात मीठ कालवलेले होते, कोणीही थुंकून टाकेल इतके, आणि मी त्याला बरा म्हटले होते.

म्हणजे तिला त्या दिवसापासून माहीत आहे.

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. पुढे खाणीत मला पिळलेल्या लिंबांची सालटी दिसू लागली. लिंबाचा रस टाकला की चुन्याची माती फसफसते. ज्या कडेची माती फसफसे, ती कड ती सोडून देई. नंतर निवडलेल्या मातीचा गोळा घेऊन, परमेश्वर आणि गडी बघत असताना, माझ्यापुढे उभी राही आणि म्हणे, “मामा, बघा बरं.” मी जिभेवर ठेवी आणि बरी हाय म्हणे. असे आजवर अकरा वेळा झाले. जानेवारी २०२३ पासून आमची एकही फळी फुटलेली नाही. गावात याचे श्रेय माझ्या जिभेला देतात.

हे जिवंतपणी का सांगितले नाही, असे कोणी विचारेल. मेल्यावर उत्तर द्यावे लागत नाही. याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

कलम ८. माझ्या मागे कलम ६ ची प्रत सायलीला कड्याच्या पत्त्यावर पाठवावी. तिने त्यानंतर आमच्या फळ्या घेतल्या नाहीत. तिने पुन्हा घ्याव्यात असा आग्रह नाही.

कलम ९. फाटकाशी असलेली चौतीस फळ्यांची थप्पी माझ्या दहाव्याच्या आत हलवावी. ती परमेश्वराने एकट्याने, दिवसाउजेडी, हातांनी उचलून खाणीपर्यंत न्यावी. ट्रॅक्टर लावू नये. जुन्या ढासळलेल्या कडेत खड्डा करून पुरावी. फुटक्या फळ्या कुटून भुगा करायचा आमचा शिरस्ता आहे, पण या कुटू नयेत. यांतला चुना पुढच्या फळ्यांत जाईल. हे झाल्याखेरीज कलम १ अमलात येणार नाही. साक्षीदार विठ्ठलराव यांनी थप्पी हलल्याची खात्री करून तसे लिहून द्यावे.

कलम १०. माझ्या तिरडीपुढे धरायचे मडके मी करून ठेवले आहे. ते आतल्या खोलीत उतरंडीच्या मागे आहे. थोडे कलते झाले आहे, तेव्हा खांदा दुखत होता. तरी तेच घ्यावे.

कलम ११. यापुढे आमच्या खाणीत माती जिभेवर ठेवायची रीत बंद समजावी.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. मला जे द्यायचे होते ते दिले आणि जे सांगायचे होते ते लिहिले आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना पाहिले.

सही: सुंदरराव ग्यानोबा दळे
साक्षीदार: १. विठ्ठलराव, निवृत्त तलाठी, राहणार चिंचटाकळी (सही)
२. जीवन, किराणा दुकानदार, राहणार चिंचटाकळी (सही)
स्थळ: चिंचटाकळी. दिनांक: ४ डिसेंबर २०२५.

पुरवणी

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही पाहायची असते. विठ्ठलरावांनी तलाठ्याच्या सवयीने सगळा वाचला. सही करून पेन खिशाला लावताना म्हणाले, “सुंदरराव, मी रोज तुमच्याकडं चहा पितो. तिच्या हातचा. आता उद्यापासून कसा पेऊ?” मी म्हणालो, कागद बंद राहणार आहे. ते म्हणाले, माझ्यासाठी तो आता उघडला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. मनिषाने विचारले, विठ्ठलकाका आजारी हायेत का.

म्हणून आज, दिनांक ७ डिसेंबर रोजी सकाळी, मी साक्षीदारांना बोलावून कलम ५, ६ आणि ७ अंगणात स्वतः वाचून दाखवली. परमेश्वर आणि मनिषा हजर होते. तेव्हाचे शेजारचे दोघेही बोलावले होते. एक आला.

वाचून झाल्यावर परमेश्वर म्हणाला, “मंग तवा कावून न्हाई सांगितलं?” कलम ७ मधले शेवटचे वाक्य त्याला पुन्हा वाचून दाखवले. तो म्हणाला, “ते ऐकलं.” खाणीबद्दल तो काही बोलला नाही. हरकत घ्यायची की नाही हे त्याने ठरवलेले दिसत नाही. त्याचा अधिकार त्याच्याकडे आहे.

मनिषा हौदाच्या कठड्यावर बसली होती. तिला काही म्हणायचे आहे का, असे विठ्ठलरावांनी विचारले. ती कठड्यावरून उठली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “दोन मुठी टाकलतं मीठ, मामा. मला वाटलं, एवढ्यानं तरी थुकताल.”

ती आत गेली. आतून पातेल्याचा आवाज आला. चहा सगळ्यांना आला. माझ्या चहात साखर होती की नाही ते मला माहीत नाही.

तोपर्यंत परमेश्वर उठून फाटकाशी गेला होता. त्याने वरच्या दोन फळ्या उचलल्या आणि ओढ्याच्या वाटेने निघाला. ट्रॅक्टर अंगणातच होता. कलम ९ मी वाचून दाखवले नव्हते. दुपारी दोनपर्यंत सतरा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मनिषा खोरे घेऊन त्याच्या मागे गेली. मी तिला थांबवले नाही. उचलायच्या फळ्या त्याच्याच हातात होत्या.

सायलीला पत्र आजच टाकले आहे. सबब कलम ८ व कलम ९ रद्द समजावे, आणि कलम १ विनाअट अमलात यावे. बाकी मजकूर कायम.

सही: सुंदरराव ग्यानोबा दळे
साक्षीदार: १. विठ्ठलराव (सही). चौतीस फळ्या मोजल्या. फाटकाशी आता एकही नाही.
२. जीवन (सही)
स्थळ: चिंचटाकळी. दिनांक: ७ डिसेंबर २०२५.